राउटरच्या लॉगमधली व्हर्जनची ओळ: कधी बदलायची, कधी हात लावायचा नाही



या वेळच्या व्हिडिओत राउटरचा लॉग कसा वाचायचा ते आपण बघितलं. पण त्यात एक विषय घाईत उरकला गेला. सिसलॉग-एनजीच्या सेटिंग फाइलमध्ये अगदी वर एक ओळ असते, व्हर्जनची. दिसायला साधी, दोन आकड्यांची. त्या ओळीमुळे माझ्या दुकानात काय गोंधळ झाला तो आधी सांगतो, मग ती ओळ कशी सांभाळायची ते पायरीपायरीने बघू.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. खाली कमांड आणि फाइलची नावं मी बोलतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना सगळं इंग्रजीतच करायचं. नेमकं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात ठेवलंय, तिथे पॉज करून बघा.

माझ्या दुकानात काय झालं

माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. प्रवेश, स्कॉलरशिप, पॅन कार्ड, सातबारा, लाइट बिल. नेट गेलं की आमचं दुकान उघडं असून बंद.

मागच्या वर्षी प्रवेशाच्या सीझनमध्ये रोज संध्याकाळी सात-सव्वासातला नेट जायला लागलं. दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप परत यायचं. नेमकी गर्दीची वेळ. एका मुलीचा फॉर्म शेवटच्या दिवशी पेमेंटच्या पानावर अडकला. तिचे वडील काउंटरसमोर उभे, घड्याळाकडे बघत. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून फॉर्म गेला कसाबसा, पण त्या पंधरा मिनिटांत माझी काय अवस्था झाली ते विचारू नका.

नेट देणाऱ्यांना फोन केला. त्यांचा माणूस आला, दुपारी. दुपारी नेट मस्त चालू. तो म्हणाला, "साहेब, आमची लाइन ओके आहे, तुमचा राउटर गंडलाय." झालं.

मग माझ्या डोक्यात दुसरा संशय आला. दुकानात मदतीला एक मुलगा आहे. राउटरच्या शेजारच्या सॉकेटला तो मोबाइल चार्जिंगला लावतो. मला वाटलं, हाच प्लग काढत असणार. मी त्याला गिऱ्हाइकांसमोर दोन वेळा बोललो. तो एवढंच म्हणाला, "दादा, मी हात पण लावला नाही."

तेव्हा आठवलं, आपल्या राउटरवर लॉग चालू आहे. ओपनडब्ल्यूआरटी टाकलेला राउटर, त्यावर सिसलॉग-एनजी, आणि मागे लावलेल्या पेनड्राइव्हवर रोजची नोंद. खरं-खोटं पाच मिनिटांत कळेल. फाइल उघडली. शेवटची नोंद १९ दिवसांपूर्वीची. त्यानंतर काहीच नाही.

आणि ती नोंद मीच बंद पाडली होती. १९ दिवसांपूर्वी राउटर अपग्रेड केला, सिसलॉग-एनजी परत बसवला. स्क्रीनवर इशारा आला की तुमच्या फाइलचं स्वरूप जुनं आहे. फाइलमध्ये व्हर्जन ३.३७ लिहिलं होतं, नवीन प्रोग्रॅम होता ४ च्या पुढचा. मला वाटलं, या ओळीमुळेच कटकट आहे, काढून टाकू. ओळ उडवली, सेव्ह केलं, राउटर रीस्टार्ट केला, शटर ओढलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी नेट चालू होतं, म्हणजे सगळं ठीक, असं धरून चाललो.

इथेच खरी गंमत आहे. लॉग बंद पडला तर नेट बंद पडत नाही. तुम्हाला कोणी सांगत नाही. हे सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसारखं आहे. हार्ड डिस्क कधीच गेलेली असते, आणि ते कळतं चोरी झाल्यावर.

आधी लॉग म्हणजे काय ते थोडक्यात

राउटर आतल्या आत सतत नोंदी करत असतो. कधी सुरू झाला, लाइन कधी तुटली, कुठला मोबाइल वायफायला जोडला गेला. दुकानाच्या रोजकीर्दीसारखंच.

या नोंदी एका ठराविक पद्धतीने लिहायच्या, ही कल्पना १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी सेंडमेल या ईमेलच्या प्रोग्रॅमसोबत आणली. तिचं नाव सिसलॉग. पुढे १९९८ मध्ये हंगेरीतल्या बालाज शायडलर यांनी सिसलॉग-एनजी सुरू केला. एनजी म्हणजे न्यू जनरेशन, नवी पिढी. नोंदी गाळणं, वेगवेगळ्या फाइलींत वाटणं, दुसऱ्या मशीनकडे पाठवणं, हे सगळं यात नीट करता येतं.

ओपनडब्ल्यूआरटीमध्ये आधीपासून लॉगडी नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. तो नोंदी रॅममध्ये ठेवतो. जागा भरली की जुन्या नोंदी पुसून नव्या लिहितो, आणि लाइट गेली की सगळंच जातं. घरच्या वापराला हे पुरतं. पण आठवड्यापूर्वी काय झालं ते बघायचं असेल तर पुरत नाही. म्हणून लोक सिसलॉग-एनजी बसवतात. चेक देशातल्या टुरिस राउटरमध्ये, जी ओपनडब्ल्यूआरटीवरच आधारलेली सिस्टिम आहे, तो आधीपासूनच दिलेला असतो.

तुमच्याकडे नेटवाल्याने दिलेला साधा राउटर असेल तर ही फाइल तुम्हाला दिसणार नाही. तुम्ही राउटरच्या पानावर 'सिस्टिम लॉग' एवढंच शोधा. पण शेवटचा भाग नक्की वाचा, तो सगळ्यांसाठी आहे.

व्हर्जनची ओळ नक्की काय सांगते

बहुतेकांचा (आणि माझाही) गैरसमज असा की ती ओळ म्हणजे प्रोग्रॅमचं व्हर्जन. तसं नाही. प्रोग्रॅमला स्वतःचं व्हर्जन माहीत असतंच, तुम्ही सांगायची गरज नाही. ती ओळ सांगते की ही फाइल कोणत्या व्हर्जनचे नियम धरून लिहिलेली आहे.

दुकानाच्या भाषेत सांगतो. तुम्ही एखाद्याला कोटेशन दिलं, वर लिहिलं 'अमुक तारखेच्या दरपत्रकाप्रमाणे'. चार महिन्यांनी तो माणूस तेच कोटेशन घेऊन आला. दर आता बदललेत. पण वर तारीख आहे म्हणून तुम्हाला कळतं की हे कोणत्या दराने लिहिलंय, आणि शब्द पाळायचा म्हणून तुम्ही जुन्या दराने माल देता. वर "पुढच्या वेळी नवीन कोटेशन घ्या" असंही सांगता.

सिसलॉग-एनजी अगदी हेच करतो. फाइलवर जुना आकडा दिसला की तो थांबत नाही. तो जुन्या नियमांप्रमाणे वागतो, याला कंपॅटिबिलिटी मोड म्हणतात, आणि इशारा देतो की सवडीने फाइल नवी करा. इशाऱ्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की आधी बदलांबद्दलच्या सूचना वाचा, आणि ते झाल्यावरच वरचा आकडा बदला. मी तो वाचलाच नाही. पिवळ्या अक्षरांना घाबरलो.

आणि कोटेशनवर तारीखच नसेल तर? मग कुठला दर लावायचा? सिसलॉग-एनजीचं उत्तर कडक आहे. व्हर्जनची ओळ नसलेली फाइल ३.१३ पासून चालतच नाही. प्रोग्रॅम चूक दाखवून सुरूच होत नाही. माझं हेच झालं.

नियम बदलतात म्हणजे काय बदलतं

एक खरं उदाहरण घेऊ. ४.० मध्ये एक मोठा बदल आला. त्याआधी लॉगमधली प्रत्येक किंमत म्हणजे नुसती अक्षरं होती. २०० हा आकडासुद्धा दोन, शून्य, शून्य अशी अक्षरंच. ४.० पासून किमतींना प्रकार आले: हा आकडा, हा मजकूर, हे हो किंवा नाही.

त्यामुळे दोन ठिकाणी फरक पडतो. एक, जेसन स्वरूपातली माहिती वाचून परत लिहिताना पूर्वी आकडा अवतरणचिन्हात, अक्षरं म्हणून जायचा. आता आकडा म्हणून जातो. दुसरं, गाळणीत तुलना करताना दोन्ही बाजूंचा प्रकार बघितला जातो.

तुमच्या फाइलमध्ये फक्त 'सगळ्या नोंदी या फाइलीत टाक' एवढंच असेल तर तुम्हाला फरक जाणवणारही नाही. पण कोणी पुढे या नोंदी एखाद्या डॅशबोर्डला किंवा एक्सेलला जोडल्या असतील, तर नुसता वरचा आकडा ३ चा ४ केल्यावर तिकडचा हिशोब बिघडू शकतो. म्हणून आकडा बदलणं ही नुसती टापटीप नाही, तो एक निर्णय आहे.

आता काम: सात पायऱ्या

१. बॅकअप घ्या. राउटरच्या पानावर सिस्टिममध्ये बॅकअपचा पर्याय आहे, तिथून फाइल तयार करून कॉम्प्युटरवर ठेवा. दोन मिनिटं लागतात. हे न करता पुढे जाऊ नका.

२. राउटरमध्ये शिरा. एसएसएचने, बहुतेक ठिकाणी पत्ता १९२.१६८.१.१ असतो, युजर रूट.

३. प्रोग्रॅम कोणता आहे ते विचारा. 'सिसलॉग-एनजी', मग एक स्पेस, मग डॅश आणि मोठा व्ही. वरच्या ओळींत 'कॉन्फिग व्हर्जन' असं लिहिलेलं दिसेल. आपल्याला हवाय तो आकडा हाच. त्यात दोनच भाग असतात, म्हणजे ४.४ असा. ४.४.० असा तिसरा भाग फाइलमध्ये लिहायचा नाही.

४. फाइलमध्ये काय आहे ते बघा. इटीसी फोल्डरमध्ये सिसलॉग-एनजी डॉट कॉन्फ ही फाइल आहे. वरच्या हॅशवाल्या टिपा सोडल्या की ॲट चिन्ह, व्हर्जन, कोलन आणि आकडा अशी ओळ सापडेल. दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहा.

५. फाइल तपासून घ्या. 'सिसलॉग-एनजी डॅश डॅश सिंटॅक्स-ओन्ली'. ही कमांड प्रोग्रॅम चालू करत नाही, फक्त फाइल वाचून चुका आणि इशारे सांगते. म्हणजे बिलाचा प्रिंट काढण्याआधी प्रीव्ह्यू बघितल्यासारखं. मी त्या दिवशी ही एक कमांड चालवली असती तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

६. आता परिस्थिती बघून निर्णय घ्या.

फाइलचा आकडा जुना आणि इशारा फक्त 'स्वरूप जुनं आहे' एवढाच: आकडा नवा करा, पायरी ५ परत करा.

फाइलचा आकडा जुना आणि सोबत नेमक्या बदलांबद्दलचे इशारे: आधी त्या ओळी दुरुस्त करा, मग आकडा बदला. आज वेळ नसेल तर जुना आकडा तसाच राहू द्या. कंपॅटिबिलिटी मोडमध्ये नोंदी चालूच राहतात. इशारा म्हणजे बिघाड नाही.

फाइलचा आकडा प्रोग्रॅमपेक्षा नवा: हे राउटर मागच्या व्हर्जनवर आणला, किंवा दुसऱ्याची फाइल उचलून टाकली की होतं. प्रोग्रॅम इशारा देतो आणि स्वतःच्या नियमांनी चालतो. फाइलमध्ये नवीन व्हर्जनचं एखादं सेटिंग असेल तर ते मात्र त्याला कळणार नाही. आकडा खाली आणा आणि तपासा.

फाइलमध्ये आकडाच नाही: प्रोग्रॅम बंद आहे. ओळ परत टाका. आकडा तोच, ज्या व्हर्जनसाठी ती फाइल लिहिली होती. माहीत नसेल तर पायरी ३ मधला टाका आणि येणारे इशारे वाचा.

तीनच्या आधीचा, म्हणजे २ ने सुरू होणारा आकडा असलेली फाइल सापडली तर तिच्यावर वेळ घालवू नका. त्या फाइली आता चालत नाहीत. नवीन घ्या.

७. रीस्टार्ट करा आणि खात्री करा. सेवा रीस्टार्ट केल्यावर 'लॉगर' ही कमांड द्या आणि पुढे काहीही लिहा, उदाहरणार्थ 'दुकान टेस्ट' इंग्रजी अक्षरांत. मग लॉगच्या फाइलची शेवटची ओळ बघा. तुमची टेस्ट तिथे दिसली तरच काम झालं. नुसतं 'एरर आली नाही' यावर विश्वास ठेवायचा नाही.

आकड्याऐवजी 'करंट' लिहिलं तर?

नव्या व्हर्जनमध्ये एक सोय आहे. आकड्याच्या जागी 'करंट' हा शब्द लिहिता येतो. म्हणजे प्रोग्रॅम जो असेल, त्याचेच नियम लावा.

मालवणी खानावळीतला फळा आठवा. सोलकढी, भात, सगळ्यांपुढे किंमत. सुरमई आणि पापलेटपुढे मात्र 'बाजारभावाप्रमाणे'. मालकाला रोज फळा पुसायला नको, सोयीचं आहे. पण गिऱ्हाईक म्हणून तुम्ही न विचारता थाळी मागवली तर बिल आल्यावर कळतं.

'करंट' असंच. फायदा असा की दर अपग्रेडला जुन्या स्वरूपाचा इशारा येत नाही, आणि आकडा बदलायचं काम राहत नाही. तोटा असा की नियम बदलले तर ते गुपचूप लागू होतात. जुने नियम पाळायचं संरक्षण तुम्ही स्वतःहून सोडलेलं असतं.

माझा नियम साधा आहे. फाइल साधी असेल, नोंदी फक्त एका फाइलीत जात असतील आणि राउटर आपोआप अपडेट होत असेल (टुरिसमध्ये ती सोय आहे), तर 'करंट' ठेवा. फाइलमध्ये तुमच्या गाळण्या, जेसन, दुसऱ्या मशीनला पाठवणं असं काही असेल, तर आकडा ठेवा आणि वर्षातून एक-दोनदा शुद्धीत बसून बदला. आणि जुन्या प्रोग्रॅमला 'करंट' हा शब्द कळणार नाही, म्हणून लिहिल्यावर पायरी ५ करायचीच.

सगळ्यात चांगला उपाय: मूळ फाइलला हात लावू नका

हे मला उशिरा कळलं. ओपनडब्ल्यूआरटीच्या फाइलमध्ये अगदी शेवटी एक ओळ असते, जी इटीसीमधल्या सिसलॉग-एनजी डॉट डी या फोल्डरमधल्या फाइली जोडून घेते. हे फोल्डर आपल्यासारख्यांसाठीच ठेवलंय. पेनड्राइव्हवर नोंद करायची, अमुक नोंदी वेगळ्या ठेवायच्या, हे सगळं तिथे स्वतःच्या वेगळ्या फाइलीत लिहायचं. त्या जोड-फाइलीत व्हर्जनची ओळ लागत नाही, मुख्य फाइलमधली पुरते.

याने काय होतं ते समजून घ्या. राउटर पूर्ण अपग्रेड केला की तुम्ही नंतर बसवलेले प्रोग्रॅम जातात, ते परत बसवावे लागतात. पण तुम्ही बदललेल्या सेटिंगच्या फाइली जपून ठेवल्या जातात. मग नवीन प्रोग्रॅम बसवताना सिस्टिम बघते की जुनी बदललेली फाइल आहे, ती पुसायची नाही. नवीन फाइल ती शेजारी वेगळ्या नावाने ठेवते. ओपीकेजीवाल्या राउटरवर नावाच्या शेवटी डॅश ओपीकेजी लागतं, नव्या एपीकेवाल्यावर डॉट एपीके-न्यू. अशी नवा प्रोग्रॅम आणि जुना आकडा ही जोडी तयार होते. आपल्या गोंधळाचं मूळ हेच.

मूळ फाइलला तुम्ही हातच लावला नसेल तर ती जपायचा प्रश्न येत नाही. नवीन प्रोग्रॅमसोबत नवीन फाइल येते, तिच्यावर बरोबर आकडा छापलेला असतो. तुमचा भाग वेगळ्या फोल्डरमध्ये सुरक्षित. फक्त ते फोल्डर इटीसीमधल्या सिसअपग्रेड डॉट कॉन्फ या यादीत लिहून ठेवा, म्हणजे अपग्रेडमध्ये तेही टिकेल. आणि अपग्रेडनंतर पायरी ५ आणि ७ कराच, कारण तुमच्या भागातली एखादी ओळ नवीन नियमांत बसत नसेल तर ती तेव्हाच कळेल.

दुकानात आपण कंपनीच्या दरपत्रकावर पेनाने खाडाखोड करत नाही, आपली सूट वेगळ्या कागदावर लिहितो. तसंच हे.

नोंदी ठेवायच्या कुठे आणि किती दिवस

तीन छोट्या गोष्टी. मूळ फाइल नोंदी ज्या व्हार-लॉग फोल्डरमध्ये लिहिते ते रॅममध्ये असतं, लाइट गेली की साफ. म्हणून पेनड्राइव्ह लावा किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरकडे पाठवा. राउटरच्या आतल्या मेमरीवर सतत लिहू नका, ती लिहून लिहून झिजते.

दुसरं, राउटरमध्ये टाइमझोन कोलकाता ठेवा आणि वेळ नेटवरून जुळवून घेणं चालू ठेवा. बऱ्याच राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट येऊन राउटर सुरू झाल्यावर, नेट मिळेपर्यंतच्या नोंदींची वेळ चुकीची असू शकते. वाचताना हे लक्षात ठेवा.

तिसरं, किती दिवस? सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या, डेटा सेंटर, सर्व्हिस प्रोव्हायडर यांनी लॉग १८० दिवस ठेवावेत असं म्हटलंय. मी माझ्या छोट्या दुकानालाही तोच आकडा लावतो. नुसता मजकूर आहे, साध्या पेनड्राइव्हवर आरामात मावतो.

आणि एक प्रामाणिक सल्ला. तुम्हाला फक्त नोंदी दुसऱ्या कॉम्प्युटरकडे पाठवायच्या असतील तर सिसलॉग-एनजी बसवूच नका. राउटरच्या सिस्टिम सेटिंगमध्ये लॉगिंगखाली कॉम्प्युटरचा पत्ता आणि ५१४ पोर्ट टाकला की साधा लॉगडीसुद्धा नोंदी पाठवतो. ना वेगळी फाइल, ना व्हर्जनची ओळ. जे लागत नाही ते विकत घेऊ नये, तसं जे लागत नाही ते बसवूही नये.

मग त्या मुलाचं काय झालं

ओळ परत टाकली, तपासली, टेस्टची नोंद बघितली आणि वाट बघत बसलो. दुसऱ्या दिवशी सात वाजून बारा मिनिटांनी नेट गेलं. लॉग उघडला.

हे वाचायला तुम्हीही शिका, कारण नेट जाण्याच्या तीन प्रकारांच्या नोंदी वेगवेगळ्या दिसतात. कोणी राउटरचा प्लग काढला असेल तर मध्ये खंड पडतो आणि मग राउटर पहिल्यापासून सुरू झाल्याच्या ओळींची रांग दिसते. कोणी नेटची केबल काढली असेल, किंवा समोरचा बॉक्स बंद पडला असेल, तर 'लिंक इज डाउन' अशी ओळ येते. आणि राउटर चालू, केबल जागेवर, पण पलीकडून उत्तर येत नसेल, तर पीपीपीची ओळ येते: पाच वेळा हाक मारली, उत्तर नाही, कनेक्शन बंद.

माझ्याकडे तिसरा प्रकार होता. प्लगला कोणी हात लावला नव्हता. केबललाही नाही.

पुढचे चार दिवस नोंदी जमा केल्या, वेळेसकट छापल्या आणि नेट देणाऱ्यांच्या ऑफिसात नेऊन ठेवल्या. या वेळी "राउटर गंडलाय" कोणी म्हणालं नाही. माणूस संध्याकाळी सातला आला, दुपारी नाही. गल्लीच्या टोकाच्या त्यांच्या बॉक्समधला पॉवर सप्लाय संध्याकाळी लोड वाढला की बसत होता. बदलला, विषय संपला.

मुलाची माफी मागितली. गिऱ्हाइकांसमोर बोललो होतो, म्हणून माफीही गिऱ्हाइकांसमोरच मागितली. सोपं नव्हतं, पण हिशोब चुकला तर दुरुस्तीची नोंद त्याच वहीत करायची असते. आता दर महिन्याच्या एक तारखेला 'दुकान टेस्ट' तोच करतो, आणि वहीत तारीख, प्रोग्रॅमचा आकडा, फाइलचा आकडा आणि सही असं लिहितो. त्याला माझ्यापेक्षा चांगलं जमतं.

तुमच्यासाठी गृहपाठ

या आठवड्यात एवढंच करा. राउटरवरची शेवटची नोंद किती जुनी आहे ते बघा. आजची असेल तर छान. नसेल तर सात पायऱ्या करा. ओपनडब्ल्यूआरटी नसेल तर राउटरच्या पानावरचा सिस्टिम लॉग उघडा आणि त्याची वेळ बरोबर आहे का तेवढं तपासा. आणि तिथे उभेच आहात तर डीव्हीआरचं कालचं रेकॉर्डिंगसुद्धा चालवून बघा.

वाईट दिवशी लागणारी नोंद चांगल्या दिवशी तपासायची असते. ती नसेल तर आपण अंदाजावर बोलतो, आणि अंदाज नेहमी ज्याला उलट बोलता येत नाही त्याच्यावरच जातो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. विषय आहे बिलिंगच्या कॉम्प्युटरचा बॅकअप, तोही परत उघडून बघितलेला.